घरात एक कुत्रा असताना वयस्कर कुत्रा दत्तक घ्यावा का?

अबोली (धागाकर्ती)

‘घरात एक आहेच, दुसरा घ्यायचा तर पिल्लू घ्या, म्हाताऱ्या कुत्र्याचं दुखणं कशाला विकत घेता’ हा सल्ला सर्रास दिला जातो. मला तो चुकीचा वाटतो. त्याचा फटका घराची वाट बघत असलेल्या वयस्कर कुत्र्यांना बसतो, म्हणून हा धागा.

मोठ्या चणीचा कुत्रा साधारण ६-७ वर्षांपासून आणि लहान चणीचा ९-१० पासून वयस्कर धरतात. या वयात स्वभाव ठरलेला असतो. दुसरा कुत्रा समोर आल्यावर तो काय करतो, ताटलीजवळ कुणी आलं तर कसा वागतो, एकटा राहतो का, हे घरी आणायच्या आधी बघता येतं. पिल्लाबाबत ही सोय नाही. आज सगळ्यांपुढे लोळण घेणारं पिल्लू दीड-दोन वर्षांचं झाल्यावर घरच्या कुत्र्याशी कसं वागेल हे कुणी सांगू शकत नाही. शिवाय पिल्लू दिवसभर घरच्या कुत्र्याचे कान-शेपटी ओढत राहतं. वयस्कर कुत्रा दिवसाचा बराच वेळ झोपतो.

माझ्या मते चार अटी पाळाव्यात. घरचा कुत्रा ३ वर्षांहून मोठा असावा आणि फिरताना दिसणाऱ्या इतर कुत्र्यांशी शांत असावा. दोघांची नसबंदी झालेली असावी, किंवा निदान ठरलेली असावी. दार बंद करता येईल अशी एक वेगळी खोली हवी. आणि नव्याची पूर्ण तपासणी घरात पाऊल ठेवण्याआधी व्हावी. एवढं असेल तर दुसरा कुत्रा म्हणून वयस्करच निवडावा.

चौकट

असहमत. तुम्ही सगळा विचार घरच्या कुत्र्याच्या आणि माणसांच्या बाजूने केला आहे. आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यात घर बदललेल्या प्राण्याला काय हवं असतं? झोप, ठरलेल्या वेळा आणि कुणाशीही वाटून न घेता मिळणारी जागा. दुसरा कुत्रा या तिन्हींत वाटेकरी होतो.

दुसरा मुद्दा देहबोलीचा. कुत्रे एकमेकांना मान वळवून, अंग सैल सोडून, वळसा घेऊन जवळ येऊन ‘भांडायचं नाही’ असं सांगतात. संधिवाताने पाठ आणि कंबर आखडलेल्या कुत्र्याला यातलं निम्मं जमत नाही. तो ताठ चालतो, खेळायला बोलावताना पुढचं अंग खाली टेकवू शकत नाही. दृष्टी गेलेला असेल तर सरळ तोंडावर येतो आणि एकटक बघत असल्यासारखा दिसतो. घरच्या कुत्र्याला या सगळ्याचा अर्थ एकच लागतो: हा अंगावर येतोय. कमी ऐकू येणाऱ्याला समोरच्याची गुरगुर कळत नाही, म्हणून इशारा मिळूनही तो मागे सरत नाही. अशा जोड्यांत भांडणं स्वभावामुळे होत नाहीत, शरीर साथ देत नाही म्हणून होतात. त्यामुळे वयस्कर कुत्रा शक्यतो दुसरा प्राणी नसलेल्या घरात द्यावा, असं माझं ठाम मत आहे.

शेंदूर

+१ चौकट. घरचा कुत्रा २ वर्षांच्या आतला असेल तर विषयच संपला. ३० किलोचं वासरू गंमत म्हणून अंगावर आदळलं तरी म्हाताऱ्याचा गुडघा कायमचा जाऊ शकतो.

नाडी

चौकट यांचं निरीक्षण बरोबर आहे, पण निष्कर्ष घाईचा आहे. शरीर साथ देत नाही यामागे बहुतेक वेळा वेदना असते, आणि वेदनेवर उपचार आहेत. ओळख करून देण्याआधी वेदना शोधणं हा या प्रकरणातला सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. ‘चिडका आहे’, ‘दुसरे कुत्रे सहन होत नाहीत’ असे शेरे मिळालेल्या वयस्कर कुत्र्यांचे आधी दात बघावेत. तुटलेली दाढ, मुळाशी झालेला पू, सैल दात, आणि त्याबरोबर कंबर, गुडघे, कान.

तपासणीत काय हवं तेही सांगतो. रक्ताची पूर्ण मोजणी, क्रिएटिनिन आणि एसडीएमए (मूत्रपिंडाचं काम दाखवणाऱ्या चाचण्या), यकृताची एन्झाइम्स, साखर, थायरॉइड, लघवीची घनता आणि तिच्यातली प्रथिनं, रक्तदाब, हृदयाची तपासणी, गोचीडतापाची आणि हार्टवर्मची (हृदयात वाढणाऱ्या जंतांची) चाचणी. मादीची नसबंदी झालेली नसेल तर गर्भाशय आणि स्तनांच्या गाठी, नरात वृषण आणि प्रोस्टेट. नसबंदी न झालेल्या वयस्कर मादीच्या गर्भाशयात माज संपल्यावर काही आठवड्यांत पू होऊ शकतो. तहान एकदम वाढणं, मलूल होणं, कधी स्राव, ही लक्षणं दिसली की त्याच दिवशी दवाखाना.

वयाच्या आकड्यावर फार विसंबू नका. पक्के दात पूर्ण आल्यावर दातांवरून काढलेलं वय हा अंदाजच असतो, ‘७ वर्षं’ लिहिलेला कुत्रा १० चा निघू शकतो. डोळ्यांत निळसर धूसरपणा दिसला म्हणजे आंधळा झाला असंही नाही. भिंगाचा तो बदल वयाने येतो आणि त्यात दृष्टी बरीचशी टिकते. पांढरा, अपारदर्शक मोतीबिंदू वेगळा.

वेदना असल्याचा संशय असेल आणि मूत्रपिंड-यकृत ठीक असेल तर पशुवैद्य २ ते ४ आठवडे वेदनाशामक देऊन वागण्यात फरक पडतो का ते बघतात. बऱ्याचदा पडतो. माणसांचं आयबुप्रोफेन किंवा पॅरासिटामॉल स्वतःच्या मनाने कधीही देऊ नये, आणि कुत्र्यांच्या वेदनाशामकांबरोबर स्टेरॉइड चालू असता कामा नये. पोटात व्रण होऊन रक्तस्राव होतो.

वळण

वैद्यकीय बाजू नाडी यांनी सांगितली, मी ओळखीबद्दल लिहितो. सगळ्यात जास्त चूक इथेच होते: दोघांना दारात समोरासमोर आणून ‘घ्या, ओळख करा’. दार ही अरुंद जागा, त्यावर घरच्याचा हक्क, दोरी ताणलेली. तीन गोष्टी एकदम बिघडतात.

ओळख बाहेर, दोघांपैकी कुणाचीही नसलेल्या जागेवर करावी. दोन माणसं, दोन कुत्रे, साधे पट्टे किंवा हार्नेस, दोरी सैल. सुरुवातीला १५ मीटर अंतर ठेवून एकाच दिशेने समांतर चालायचं. दोघं एकमेकांकडे बघून पुन्हा जमीन हुंगायला लागले की थोडं जवळ यायचं, एकाची नजर खिळली की परत लांब जायचं. म्हाताऱ्याच्या दमाप्रमाणे १० ते १५ मिनिटांत थांबायचं, तो दमला की चिडचिडा होतो. अंतर २ मीटरवर आल्यावर मागून, वळसा घेऊन एकमेकांना हुंगू द्यायचं: तीन सेकंद, मग आनंदी आवाजात बोलावून बाजूला. पुन्हा तीन सेकंद. समोरासमोर नाकाला नाक लावून उभं राहू द्यायचं नाही.

थांबायची खूण शेपटी नाही, शेपटी तर भांडणाआधीही हलते. शरीर गोठणं, तोंड पटकन मिटणं, डोळ्याचा पांढरा भाग दिसणं, ओठ वारंवार चाटणं, या खुणा बघा. आणि गुरगुरल्याबद्दल कुणालाही रागावू नका. गुरगुरणं बंद पाडलं की इशारा जातो, चावा तेवढा शिल्लक राहतो.

घरात शिरताना घरच्याला बाहेर ठेवून नव्याला आधी आत न्या, घर हुंगू द्या, मग घरच्याला आणा. खेळणी, हाडं, खाण्याच्या ताटल्या त्याआधीच उचललेल्या हव्यात.

चौकट

वळण, पद्धत उत्तम आहे. पण पहिल्या दिवशीच बाहेर भेट घडवायची तर विलगीकरणाचं काय? आश्रयगृहातून आलेल्या कुत्र्याला पार्व्हो, केनेल कफ किंवा डिस्टेंपर अशा संसर्गजन्य आजाराची लागण झालेली असेल तर लक्षणं दिसायला दोन आठवडे लागू शकतात, डिस्टेंपरला कधी त्याहूनही जास्त. गोचीड आणि खरूज वेगळीच. निदान १४ दिवस दोघांचा संपर्क येऊ नये.

वळण

ते १४ दिवस कुत्रा कुठून आलाय त्यावर ठरवावेत. गर्दीच्या पिंजऱ्यांतून, लसीची नोंद नसताना आला असेल तर विलगीकरण हवंच, भेट नंतर. एखाद्या घरात दोन-तीन महिने राहून, लसी पूर्ण होऊन आला असेल तर गरज नाही. सरसकट नियम केला तर लहान घरात दोन्ही कुत्रे दाराच्या फटीतून एकमेकांवर भुंकत राहतात आणि भेटीआधीच वैर बसतं.

चौकट

लसीची नोंद म्हणजे आजार नसल्याचं प्रमाणपत्र नव्हे. केनेल कफ लस दिलेल्यालाही होतो. पण फट बुजवता येते: दाराखाली गुंडाळलेला टॉवेल, दारापासून लांब बिछाने, बाहेर नेण्याच्या वेळा वेगळ्या.

नाडी

विलगीकरणातच एक भर. पशुवैद्याने संसर्ग नाही असं सांगितल्यानंतर, साधारण दुसऱ्या आठवड्यात, पांघरुणांची अदलाबदल सुरू करा. नव्याच्या वासाचं फडकं घरच्याच्या आवडत्या खाऊशेजारी ठेवायचं. भेटीआधी वास ओळखीचा झाला की समांतर चालण्याला कमी फेऱ्या लागतात.

तगर

पहिल्या भेटीवरच एवढी चर्चा झाली. घरं मोडतात ती तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. पहिले काही दिवस नवा कुत्रा दबून असतो, लोक म्हणतात ‘किती गुणी आहे’, दोघांच्या मध्ये लावलेलं जाळीचं दार काढून टाकतात. मग तो स्थिरावतो, स्वतःची जागा राखायला लागतो आणि पहिलं भांडण होतं. जाळीचं दार निदान तीन महिने काढू नका.

जेवण कायम वेगवेगळ्या खोल्यांत, दार लावून. दात गेलेला कुत्रा सावकाश खातो, घरच्याचं दोन मिनिटांत संपतं आणि तो पलीकडे जाऊन उभा राहतो. कोरडं खाणं कोमट पाण्यात १० ते १५ मिनिटं भिजवून द्या. २० मिनिटांनी दोन्ही ताटल्या उचला. मूत्रपिंडासाठीचं खाणं चालू असेल तर ते घरच्याने रोज संपवणं त्याच्यासाठी योग्य नाही, तो आहार निरोगी, तरुण कुत्र्यासाठी बनवलेला नसतो. आणि औषधं! वेदनाशामकाच्या चघळायच्या गोळ्या मांसाच्या चवीच्या असतात. घरचा कुत्रा डबी फोडून सगळ्या खातो आणि त्यात मूत्रपिंडं जाऊ शकतात. डबी कपाटात, कडीबंद.

बिछाने कुत्र्यांच्या संख्येपेक्षा एक जास्त, पाण्याची भांडी दोन-तीन ठिकाणी. गुळगुळीत फरशीवर बिछान्यापासून पाण्यापर्यंत आणि बाहेरच्या दारापर्यंत न सरकणाऱ्या चटया. पंजांमधले केस आणि नखं कापलेली. पाय घसरणारा म्हातारा घाबरलेला असतो, आणि घाबरलेला असताना कुणी शेजारून धावत गेलं की तोंड टाकतो. रात्री दोघं वेगळे. स्मृतिभ्रंश सुरू झालेला कुत्रा रात्रभर फेऱ्या मारतो, कोपऱ्यात अडकून भुंकतो, झोपलेल्या दुसऱ्यावर पाय देतो.

चौकट

तगर यांच्या प्रतिसादातून माझाच मुद्दा पुढे येतोय. एवढी व्यवस्था किती घरं तीन महिने टिकवतील? आणखी एक, दोन कुत्र्यांच्या घरात आजार लपतो. पाणी कुणी जास्त प्यायलं, उलटी कुणी केली, पातळ शी कुणाची, कळत नाही. वयस्कर कुत्र्यात हीच लक्षणं लवकर कळायला हवीत.

अबोली

हा आक्षेप मान्य आहे आणि गंभीर आहे, पण त्याला उपाय आहे. आठवड्यातून एक दिवस वयस्कराला २४ तास पाण्याचं वेगळं भांडं द्या. मोजून भरा, दुसऱ्या दिवशी उरलेलं मोजा. साधारण ५०-६० मिली प्रति किलो ठीक. १०० मिलीच्या वर गेलं तर तपासणी. म्हणजे १० किलोच्या कुत्र्याने दिवसाला लिटरहून जास्त प्यायलं तर थांबू नये. दर महिन्याला वजन करा, आणि हाताने पाठीच्या कण्यालगतचे, मांड्यांचे स्नायू चाचपा. गाढ झोपेत श्वास मोजा, मिनिटाला ३० च्या वर वारंवार दिसले तर हृदयाची तपासणी. फिरायला दोघांना वेगळं नेलं की शी-लघवीचा प्रश्नही सुटतो, आणि ते तसंही गरजेचं आहे. म्हाताऱ्याला १५ मिनिटांच्या तीन फेऱ्या, तरण्याला त्याची पूर्ण धाव. धाव न मिळालेला तरणा ती घरात म्हाताऱ्यावर काढतो.

किती घरं हे टिकवतील? सगळी नाही. पण सरसकट ‘एकट्या घरातच द्या’ म्हटलं तर वाट बघण्याचा काळ वाढतो, आणि वयस्कर कुत्र्याकडे वेळच कमी असतो.

शेंदूर

भांडण झालंच तर कसं सोडवायचं? मागचे पाय धरून ओढा असं सांगतात.

नाडी

वयस्कर कुत्र्याचे मागचे पाय ओढू नका. खुब्याचा संधिवात असेल तर असह्य वेदना होतात आणि तो वळून तुम्हाला चावतो. मोठा आवाज, अंगावर जाड पांघरूण, दोघांच्या मध्ये फळी किंवा खुर्ची. पट्ट्याकडे हात नेऊ नका. सुटल्यावर वेगळ्या खोल्या, आणि दाताचं भोक कितीही बारीक दिसलं तरी त्याच दिवशी पशुवैद्य. वरून टाचणीएवढं दिसतं, आत कातडी सुटून पू धरतो. वजनात दुपटीहून जास्त फरक असेल तर माणूस जवळ नसताना दोघांना एकत्र कधीच ठेवू नये, भांडण झालेलं नसलं तरी.

वळण

एक गोष्ट आधीच लेखी ठरवा: कुत्रा परत कधी द्यायचा. काही संस्था दोन ते चार आठवडे चाचणीवर देतात, ती सोय मागून घ्या. दुसरं रक्त काढणारं भांडण, किंवा घरच्या कुत्र्याने खाणं सोडणं, लपून राहणं दोन आठवड्यांहून जास्त टिकणं, या माझ्या रेषा. अपराधीपणापोटी लोक सहा-सहा महिने दोघांना दारांच्या आड ठेवतात.

चौकट

रेषा पटल्या. फक्त तिसरी जोडा: वेदनेचा उपचार सुरू होऊन चार आठवडे झाल्यावरही म्हातारा दुसरा कुत्रा खोलीत असताना आडवा होत नसेल, बसून किंवा उभा राहून डुलक्या घेत असेल, तर भांडण न होताही ते घर त्याचं नाही. त्याची नोंद रोज ठेवा, कारण ही गोष्ट भांडणासारखी डोळ्यांत भरत नाही.

अबोली

ही रेषा घेते. मात्र परत देताना त्याला पुन्हा पिंजऱ्यात न पाठवता दुसरं घर मिळेपर्यंत वेगळ्या खोलीत ठेवायची तयारी हवी. वेगळी खोली ही अट मी सुरुवातीलाच घातली ती यासाठीही.