अनुभव धागा: लिस्बनच्या आठवणी, टेकड्या, नदी आणि ते बिनछपराचं चर्च

रानवारा:
काल भाचीने लिस्बनहून कार्मोच्या चर्चचा फोटो पाठवला. कमानी उभ्या आणि वर छप्परच नाही, थेट निळं आकाश. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही तिथे राहायचो ते सगळं आठवलं, रात्री झोप लागेना, म्हणून हा धागा. ते छप्पर 1 नोव्हेंबर 1755 ला पडलं. सर्व संतांचा सण, सकाळची साडेनऊ-पावणेदहाची वेळ, चर्चेस माणसांनी भरलेली, मेणबत्त्या पेटलेल्या. भूकंप झाला, लोक मोकळी जागा म्हणून नदीकाठी पळाले तर तिथे समुद्राची लाट आली, आणि शहरात लागलेली आग पाच-सहा दिवस विझली नाही.

मी रोज बाइशातून जायचे, म्हणजे दोन टेकड्यांमधला सखल भाग. फूटपट्टीने आखल्यासारखे सरळ रस्ते, एक सोन्याचा, एक चांदीचा, एक चांभारांचा, ही नावं आजही तशीच. हे सगळं भूकंपानंतर राजाचा मंत्री पोंबाल याने नव्याने वसवून घेतलं. नदीकडे तोंड केलं की डाव्या हाताच्या टेकडीवर आल्फामा ही जुनी वस्ती. तिथलं बरंच टिकलं, त्यामुळे गल्ल्या अजून अरबांच्या काळच्या वळणाच्या, दोन माणसं समोरासमोर आली की एकाने अंग चोरायचं, वर दोरीवर चादरी वाळताहेत आणि त्यांचं पाणी आपल्या डोक्यावर. दहा मिनिटांच्या चालीत शहर पार बदलतं. मला हे फार आवडायचं. ज्यांनी पाहिलंय त्यांनी लिहा ना.

वसईकर:
फोटो टाका की इथे. मी कार्मोत उभा होतो तेव्हा पहिलं काय आठवलं असेल तर आमच्या किल्ल्यातली बिनछपराची चर्चेस. 1739 ला चिमाजीअप्पांनी वसई घेतली, पुढे किल्ला ओस पडत गेला. कारणं वेगळी पण भिंतीतून उगवलेलं गवत सेम. बाकी कामावरून आल्यावर लिहितो, लोकल आली.

किल्लेदार:
मी सिव्हिलवाला, तेव्हा मला विचाराल तर खरी गंमत बाइशाच्या भिंतींच्या आत आहे. प्रत्येक भिंतीत लाकडी सांगाडा, उभे-आडवे खांब आणि मध्ये फुलीसारखे तिरके दांडे, त्याच्यात दगड-चुना भरलेला. जमीन हलली तर गिलावा पडेल पण सांगाडा माणसं धरून ठेवेल असा विचार, तोही अठराव्या शतकात! नमुना उभा करून त्याच्याभोवती सैनिकांना कवायत करायला लावून हादरे दिले असं तिथे सांगतात. खालची जमीन ओढ्याच्या गाळाची म्हणून पाइनचे खांब ठोकून त्यावर पाया. मानुएल द माया हे म्हातारे इंजिनियर यात मुख्य, ऐंशीच्या घरातले होते तेव्हा. पोंबालचं नाव सगळे घेतात, या माणसाचं पण घ्यायला हवं.

ठाण्याची आजी:
मुलाकडे गेले होते. शहर सुंदर, माझे गुडघे मात्र रडले. चढ म्हणजे किती चढ, आणि फुटपाथचे ते पांढरे-काळे दगड, पाऊस पडला की घसरगुंडी. एक माणूस खाली बसून हातोडीने दगडाचे तुकडे पाडत होता, एकेक तुकडा हातात फिरवून बरोबर खाचेत बसवायचा, मी तिथेच बाकावर बसून किती वेळ बघत राहिले. बाइशातून वर कार्मोला जायला 1902 सालची लोखंडी लिफ्ट आहे सांता जुस्ताची, पण रांग बघून मुलगा म्हणाला आई हळूहळू चालतच जाऊ.

रानवारा:
आजी, गुडघे कसे आहेत आता? तेल लावता की नाही? रबरी तळव्याचे बूट हवेत तिथे, चपलांचं काम नाही.

माडाखाली:
कार्मोच्या चौकात मी चर्चकडे कमी आणि शेजारच्या बराकीकडे जास्त बघितलं. 25 एप्रिल 1974 ला सैन्याने तिथली हुकूमशाही उलथवली तेव्हा पंतप्रधान कायतानो त्याच बराकीत लपले होते, बाहेर चौकात माणसंच माणसं, सैनिकांच्या बंदुकीत लाल कार्नेशनची फुलं. संध्याकाळी शरण आले आणि चिलखती गाडीतून त्यांना नेलं. नदीवरच्या लाल पुलाचं आधीच्या हुकूमशहाचं, सालाझारचं, नाव बदलून 25 एप्रिल केलं ते यावरूनच. आमच्या घरी या तारखेला फार मोल आहे. मामा 1961 च्या आधी लिस्बनला शिकायला गेलेला, गोवा मुक्त झाल्यावर तिथेच अडकला. पोर्तुगालने गोवा भारताचा असल्याचं 31 डिसेंबर 1974 च्या करारात मान्य केलं, त्यानंतर मामा मडगावच्या घरी आला. तोपर्यंत आजी गेली होती. मामाने मला तो चौक स्वतः दाखवला, कुठे उभा होता ते सुद्धा.

ठाण्याची आजी:
वाचून भरून आलं रे बाळा. आईची भेट नाही झाली म्हणजे काय.

चहाबाज:
मुंबई जिच्या लग्नात इंग्लंडच्या राजाला आंदण गेली ती पोर्तुगीज राजकन्या कॅथरीन पण म्हातारपणी लिस्बनला परतली, 1705 मध्ये तिथेच गेली. असो, मी पुढच्या वर्षी जातोय, शाकाहारी काही मिळतं का? सगळीकडे तो सुका मासाच ऐकतोय.

निवांत:
बेलेंचा बुरूज बघा नक्की! एका छोट्या पहारा-बुरजाच्या खाली गेंड्याचं डोकं कोरलंय, खूप झिजलंय, शोधावं लागतं. 1515 ला गुजरातच्या सुलतानाने दिलेला गेंडा गोव्याहून जहाजाने लिस्बनला गेला होता. राजाने त्याची हत्तीशी झुंज लावली तर हत्तीच पळाला म्हणे. पुढे पोपला भेट म्हणून पाठवला तर वाटेत जहाज बुडालं. बिचारा मुका जीव, कुठून कुठे.

माडाखाली:
@चहाबाज भाज्यांचं सूप, पाव, चीज, ऑलिव्ह सगळीकडे. सुपात कधीकधी सॉसेजची चकती टाकतात, आधीच नको म्हणून सांगा. 12 जूनच्या रात्री मात्र आल्फामात दारोदार सार्डिन भाजतात, संत अँथनीचा सण, हा संत मूळचा लिस्बनचाच.

चहाबाज:
मग जून टाळू का?

माडाखाली:
टाळू नका हो, धूर सहन करा, ती रात्र बघायलाच हवी. फक्त हॉटेल आत्ताच बुक करा.