पोरांच्या ताटातलं उरलेलं
वजन कमी करायचंय पण ऑफिस, ट्रेन, पोरं यात व्यायामाला वेळच मिळत नाही म्हणताय ना, माझंही सेमच होतं. जिमचे पैसे भरून चार दिवस गेले, मग बंद. आता लेकीचा क्लास ठाण्यातल्या उपवन तळ्याजवळ असतो तेव्हा मोबाईल बघत बसण्यापेक्षा तळ्याकाठी चकरा मारते, बाकीचे दिवस स्टेशनवरून घरी चालत, रिक्षा नाही, आठवड्याला १५० मिनिटं भरभर चाला म्हणतात ती अशी भरतात.

पण माझी खरी गोची खाण्यात होती हो, पोरांच्या ताटातली अर्धी पोळी, दोन घास भात, टाकवत नाही म्हणून मीच संपवायचे (आईची शिकवण, काय करणार!). आता वाढतानाच कमी वाढते, लागलं तर परत घ्या. तीन महिन्यांत ३ किलो गेलं, मोदक न सोडता हां!