मदत हवी आहे : एसडीआरमध्ये सॅम्पल दर बदलताना ठरावीक अंतराने येणारा ‘टक्’ आवाज

नमस्कार. मी नागपुरात महाल भागात राहतो आणि आरटीएल-एसडीआर डोंगलवर (संगणकाला जोडायचा, सॉफ्टवेअरने चालणारा छोटा रेडिओ रिसीव्हर) एफएम ऐकण्याचा प्रोग्राम स्वतः लिहीत आहे. डोंगलकडून सेकंदाला 24 लाख सॅम्पल (सिग्नलची मोजलेली मूल्ये) येतात. ते आधी 10 पटीने आणि डीमॉड्युलेशननंतर (लहरीतून ध्वनी वेगळा काढल्यावर) आणखी 5 पटीने कमी करून मी साउंड कार्डाचा 48,000 चा दर गाठतो. भागाकार पूर्ण बसतो म्हणूनच हा दर निवडला, 20.48 लाखांवर तेच गुणोत्तर 3/128 होते आणि इंटरपोलेशनचा (सॅम्पलांच्या मधली मूल्ये काढण्याचा) व्याप वाढतो.

दुसऱ्या टप्प्यात आधी मी फिल्टर न लावता केवळ दर पाचवा सॅम्पल ठेवत होतो, त्यामुळे 38 किलोहर्ट्झभोवतीचा स्टिरिओचा भाग 10 किलोहर्ट्झभोवती येऊन पडत होता आणि सतत खरखर ऐकू येत होती. 15 किलोहर्ट्झच्या वरचे कापणारा एफआयआर (एक प्रकारचा डिजिटल) फिल्टर लावल्यावर ती थांबली.

आता उरलेला प्रश्न निराळा आहे. रात्री साधारण दर सात मिनिटांनी आणि भर दुपारी दर साडेपाच मिनिटांनी एकदा ‘टक्’ असा आवाज येतो. आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे मी पहिला संशय कूलरच्या मोटारीवर घेतला, परंतु कूलर बंद ठेवूनही फरक पडला नाही. नोंदी पाहिल्यावर लक्षात आले की त्या क्षणी 1024 सॅम्पलचा बफर (तात्पुरता साठा) रिकामा होतो आणि तो पुन्हा भरेपर्यंत सुमारे 21 मिलिसेकंद आवाज तुटतो. 420 सेकंदांत 1024 म्हणजे सेकंदाला जवळपास 2.4 सॅम्पलची तूट, अर्थात 51 पीपीएम (दहा लाखांत 51). दुपारच्या अंतरावरून हाच आकडा 65 येतो. डोंगल गच्चीवरच्या टिनाच्या खोलीत असून संगणक खाली आहे, त्यामुळे डोंगलचे स्फटिक (त्याचे घड्याळ चालवणारे) तापून मागे पडत असावे, असा माझा तर्क आहे.

बफर मोठा केला तर ‘टक्’ उशिरा येईल, टळणार नाही. तेव्हा गुणोत्तर चालू असतानाच बदलायचे झाल्यास ते कोणत्या टप्प्यावर बदलावे, आणि त्याने स्वर हलणार नाही याची काळजी कशी घ्यावी?

प्रतिसाद 1 :

आपला तर्क पडताळून पाहता येईल. या डोंगलमध्ये ट्यूनर आणि सॅम्पलिंग दोन्ही एकाच 28.8 मेगाहर्ट्झ स्फटिकावर चालतात, म्हणून 100 मेगाहर्ट्झवर 51 पीपीएमची चूक सुमारे 5 किलोहर्ट्झच्या सरकण्यातूनही दिसली पाहिजे. ती त्याहून कमी दिसल्यास उरलेली चूक साउंड कार्डाची समजावी. ड्रायव्हरमधील पीपीएम सुधारणा ट्यूनिंग आणि सॅम्पल दर या दोन्हींना लागू होते, तिने ‘टक्’मधले अंतर बरेच वाढेल, पण डोंगल आणि साउंड कार्ड यांची घड्याळे दोन असेपर्यंत तूट शून्य होणार नाही.

बदल शेवटच्या टप्प्यावरच करावा. 2.4 लाखांच्या दराला 15 किलोहर्ट्झपर्यंत गाळलेला ध्वनी इतका दाट सॅम्पल झालेला असतो की साधे घन इंटरपोलेशन पुरते, मोठ्या पॉलीफेज (अनेक उपफिल्टरांत विभागलेल्या) फिल्टरची गरज नाही. दर पाचवा सॅम्पल उचलण्याऐवजी पायरी (उचललेल्या दोन सॅम्पलमधले अंतर) 4.999745 ठेवा आणि बफरच्या पातळीची दहाएक सेकंदांची सरासरी पाहून ती अगदी हळू बदलत राहा. 51 पीपीएमने स्वर एका सेंटच्या (अर्ध्या स्वराच्या शंभराव्या भागाच्या) दहाव्या भागाइतकाही हलत नाही. कानाला खटकते ते पायरी झटक्याने बदलणे.