काड्या-मण्यांनी गणित: तिसरीनंतरही घरी हवंच, की पाढे आणि वही पुरे?

गोदाकाठ

दुसरी-तिसरीतल्या मुलाला ५२ − २७ दिलं की वहीत बऱ्याचदा ३५ येतं. सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन. घरातली मोठी माणसं याला धांदरटपणा म्हणतात आणि तसलीच आणखी दहा गणितं घालतात. पण मुलानं एक नियम पाळलेला असतो: मोठ्यातून लहान वजा करायचं. ५२ मधला ५ म्हणजे पन्नास हे त्याला कधी दिसलेलंच नसतं, मग उसना कुठून आणायचा हे तरी कसं दिसणार? अशा वेळी काड्या काढाव्यात, आणि पाचवीपर्यंत त्या माळ्यावर टाकू नयेत, असं माझं ठाम मत आहे.

सामान फार नाही. आईस्क्रीमच्या लाकडी काड्या २०० आणि रबरं २०. दोन दोनअंकी संख्यांची बेरीज जास्तीत जास्त ९९ + ९९ = १९८, म्हणून दोनशे; त्यात गठ्ठे होतात १९. काड्या नाशिकच्या मेनरोडला कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळतील. रबरं मात्र साधी पिवळी नकोत, आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात ती वाळून तुटतात. केसांना लावायची छोटी कापडी रबरं टिकतात, शिवाय लहान बोटांना घालता-काढता येतात. एका पुठ्ठ्यावर मधोमध रेघ मारा: डावीकडे दशक, उजवीकडे सुटे. उजवीकडे दहा झाल्या की बांधायच्या आणि डावीकडे न्यायच्या, एवढाच नियम.

आता ५२ − २७. डावीकडे ५ गठ्ठे, उजवीकडे २ काड्या. सात द्यायच्यात, आहेत दोन. मूल एक गठ्ठा सोडतं. त्याच क्षणी, पुढची काडी हलवण्याआधी, वहीत ५ खोडून ४ लिहायचे आणि २ चे १२ करायचे. मग सात काड्या काढल्या, उरल्या ५, वहीत ५. दोन गठ्ठे काढले, उरले २, वहीत २. उत्तर २५. सगळा कस या जोडीत आहे: हाताची एक हालचाल, वहीतली एक खूण. आधी सगळं गणित काड्यांनी आणि नंतर तेच वहीत असं केलं, तर मुलाच्या लेखी ती दोन वेगळी कामं होतात आणि वहीत पुन्हा ३५ येतं.

गठ्ठे मुलानंच बांधायचे. मोठ्यांनी आयते बांधून दिले की आत दहाच आहेत यावर त्याचा भरवसा बसत नाही आणि ते दर वेळी गठ्ठ्यातल्या काड्या मोजत बसतं. एखाद्या गठ्ठ्यात अकरा निघाल्या तर सांगू नका. बेरीज एकानं चुकली की तोच शोधेल.

पाढेपाठ

असहमत. पहिलीत काड्या ठीक, दुसरीत चालतील. तिसरीनंतर मात्र त्या मुलाला मागे ओढतात.

सात आणि आठ किती, हे काड्यांनी काढणारं मूल पंधरापर्यंत मोजतं. उद्या पुन्हा मोजतं, परवाही मोजतं. मोजून उत्तर मिळतंय म्हटल्यावर ते लक्षात ठेवायची गरजच उरत नाही. १ ते ९ मधल्या बेरजेच्या जोड्या, उलटसुलट एकच धरल्या तर, ४५ आहेत. त्यातल्या २५ दहाच्या आत बसतात. राहिल्या २०. रोज दहा मिनिटं तोंडी घेतल्या तर त्या पक्क्या व्हायला काही आठवडे पुरतात, आणि पुढे सहावीपर्यंतचं प्रत्येक गणित त्यांच्यावर उभं राहतं. ज्या मुलाला ८ + ७ अडतं त्याला ४८ + ३७ मध्ये हातचा लक्षात ठेवायला डोक्यात जागाच उरत नाही. ही अडचण समजेची नाही, सरावाची आहे.

आपल्याकडे पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी हे अपूर्णांकांचे पाढे होते. सात पाऊण सव्वापाच, हे पाठ असणाऱ्याला गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात ८० रुपये किलोची पाऊण किलो भाजी म्हणजे ६० रुपये, हे सांगायला कागदही लागत नाही. आणि नाशिककरांना तरी द. रा. कापरेकरांची आठवण करून द्यावी लागू नये. १९३० ते १९६२ देवळालीला शाळेत शिकवणारा हा माणूस जगाला ६१७४ हा स्थिरांक देऊन गेला, तो कागद-पेन्सिलीच्या बळावर. त्यांचा आनंद अंकांत होता. मुलांना त्या आनंदापर्यंत लवकर न्या, काड्यांत अडकवू नका.

इंदिरानगरकर

गोदाकाठ, पद्धत बरोबर आहे, पण तुमच्या दोनशे काड्या तिसरीतच तोकड्या पडतात. ५०२ − १७८ घ्या. त्याला पाचशे दोन काड्या आणि पन्नास रबरं लागतील. कोण बांधत बसणार? शिवाय दशकाच्या घरात शून्य आहे, म्हणजे आधी शतक सोडायचं, त्यातून दहा दशकं, मग एक दशक सोडायचं. मुलं सर्वांत जास्त अडखळतात ती नेमकी इथे.

म्हणून साहित्याचा क्रम लागतो. काडीचा गठ्ठा सोडता येतो, दहा एकक त्याच्या आतच असतात. दशकाचा ठोकळा सोडता येत नाही, तो देऊन दहा सुटे बदलून घ्यावे लागतात. तरी त्याची लांबी दहा सुट्यांइतकी असल्यानं डोळ्याला पटतं. नोटेत तेही नाही. दहाची नोट १२३ मिमी लांब, शंभराची १४२. दहापट किंमत आहे हे तिच्या आकारावरून कळत नाही, ते मानून चालावं लागतं. काड्या, मग ठोकळे, मग नोटा हाच क्रम ठेवा. मधली पायरी गाळून थेट नोटांवर गेलं की मूल दहाची नोट एक म्हणून मोजतं.

ठोकळे विकत घ्यायची गरज नाही. १ सेंमी चौकटीचा आलेख कागद पुठ्ठ्यावर चिकटवा. १०×१० चे चौरस ५, १०×१ च्या पट्ट्या २०, सुटे चौकोन ३०. ५०२ − १७८ ला तेवढं पुरतं: ५ शतकं, ० दशकं, २ सुटे, मग ४, १०, २, मग ४, ९, १२. त्यातून १, ७, ८ गेले, ३२४. तीन ओळींत तीन मांडण्या वहीत लिहून घ्या. सुटे चौकोन पंख्याखाली उडतात, तेवढे जाड पुठ्ठ्याचे करा.

देवळाली कॅम्प

मला दोन्ही बाजूंपेक्षा वेगळी काळजी आहे. रंगीत प्लास्टिकचे संच घरोघरी येताहेत. क्यूझनेर पट्ट्यांत, म्हणजे प्रत्येक लांबीला वेगळा रंग असलेल्या संचात, पिवळी पट्टी पाचाची, नारिंगी दहाची. मूल दोन आठवड्यांत 'पिवळी आणि पिवळी म्हणजे नारिंगी' म्हणायला लागतं आणि पालकांना वाटतं ५ + ५ = १० आलं. त्याला रंग आलेले असतात. न रंगवलेल्या पट्ट्या पुढे ठेवा, लगेच कळेल. साहित्य जितकं देखणं, तितकं लक्ष साहित्याकडे जातं. एकाच रंगाच्या काड्या किंवा चिंचोके बरे. (तीन वर्षांखालचं भावंड घरात असेल तर चिंचोके, मणी नकोतच, घशात अडकतात.)

एक फायदा मात्र कोणी मांडला नाही. पंचवीस ऐकून ५२ लिहिणारी मुलं आपल्याकडे खूप आहेत, कारण कानावर आधी पाच पडतात. २०१९ मध्ये बालभारतीनं दुसरीच्या पुस्तकात 'वीस पाच' असं वाचन जोडीला दिलं, तेव्हा केवढा वाद झाला. घरी तो वाद घालत बसण्याची गरज नाही. पंचवीस म्हटल्यावर आधी गठ्ठे मांडायचे, मग सुट्या, आणि जसं मांडलं तसं डावीकडून लिहायचं.

त्रिकोणमिती

अभ्यास काय सांगतो तेही पाहू. २०१३ मध्ये ५५ अभ्यास एकत्र करून केलेल्या विश्लेषणात, निव्वळ चिन्हांनी शिकवण्यापेक्षा हाताळायच्या साहित्यानं शिकवणं सरस ठरलं, पण एकूण फरक लहान ते मध्यम होता. लक्षात राहण्यावर परिणाम चांगला, नवं उदाहरण सोडवण्यावर आणि कारण सांगण्यावर थोडाच. २००९ च्या एका अभ्यासात खऱ्यासारख्या नोटा-नाणी दिलेल्या मुलांच्या चुका वाढल्या. मात्र त्या चुकांत संकल्पनेच्या चुका कमी होत्या. पाढेपाठ आणि गोदाकाठ, दोघांनाही यात थोडं थोडं मिळेल, पूर्ण कोणालाच नाही.

गोदाकाठ

पाढेपाठ, पाठांतराला माझा विरोध नाहीच. त्या वीस जोड्या पाठ हव्यातच. ८ + ७ साठी काड्या मोजू द्यायच्या नाहीत, हे मलाही मान्य. काड्या आहेत त्या दशक कसा बनतो आणि कसा सुटतो हे कळण्यासाठी.

पण कापरेकरांचं उदाहरण तुमच्या बाजूचं नाही. ३५२४ घ्या, अंक उतरत्या क्रमानं लावून त्यातून चढत्या क्रमानं लावलेले वजा करा, आणि उत्तरावर तेच पुन्हा: ५४३२ − २३४५ = ३०८७, मग ८७३० − ०३७८ = ८३५२, मग ८५३२ − २३५८ = ६१७४. हे चालतं ते अंकांची जागा बदलली की किंमत बदलते म्हणून. दोनअंकी रूप चौथीतलं मूल काड्यांनी उलगडू शकतं. ७२ − २७: सात गठ्ठे दोन सुट्या, विरुद्ध दोन गठ्ठे सात सुट्या. समान भाग दोन्हीकडून काढून टाका, दोन गठ्ठे आणि दोन सुट्या. एकीकडे राहिले ५ गठ्ठे, दुसरीकडे ५ सुट्या. प्रत्येक गठ्ठ्यातून एकेक काडी द्यायची, म्हणजे पाच वेळा नऊ, ४५. आता ८३ − ३८ करा, ९१ − १९ करा: फरक नेहमी नऊच्या पाढ्यातच का येतो, ते मूल स्वतः सांगतं. वहीत नुसती वजाबाकी करून नऊ दिसतात, पण का, ते दिसत नाही.

पाढेपाठ

हे उदाहरण सुंदर आहे, मान्य. पण पाचवीपर्यंत म्हणता, तर अपूर्णांकांचं काय करणार? आणि पुढे ऋण संख्यांचं? लाल बटण −१, पांढरं +१ असं शिकवतात. ३ − ५ पर्यंत ठीक: तीन पांढरी, त्यात लाल-पांढऱ्या दोन जोड्या घाला, पाच पांढरी काढा, उरली दोन लाल. (−३) × (−४) ला काय? शून्याच्या जागी लाल-पांढऱ्या १२ जोड्या मांडायच्या, म्हणजे २४ बटणं, आणि त्यातून चार-चार लाल तीनदा काढायची. उत्तर येतं, पण मूल बटणांची कसरत पाठ करतं. त्याऐवजी वहीत ३ × (−४) = −१२, २ × (−४) = −८, १ × (−४) = −४, ० × (−४) = ०, आता पुढची ओळ काय? दर ओळीला चार वाढतात, म्हणून +४. मुलाच्या तोंडून आपोआप येतं. इथे चिन्हांची रांग बटणांपेक्षा जास्त समजावते.

इंदिरानगरकर

ऋण संख्यांबाबत पाढेपाठ यांच्याशी सहमत. अपूर्णांकांबाबत अजिबात नाही.

कार्डशीटच्या २४ सेंमी लांब, ३ सेंमी रुंद सात पट्ट्या कापा. एक अखंड ठेवा. बाकीच्यांचे अर्धे १२ चे, तृतीयांश ८ चे, चतुर्थांश ६ चे, षष्ठांश ४ चे, अष्टमांश ३ चे, द्वादशांश २ सेंमीचे. २४ घ्यायचं कारण हेच, सगळे भाग पूर्ण सेंटिमीटरमध्ये येतात. तीन भागांसाठी घडी घालू नका, ती कधीच नेमकी येत नाही. खुणा शून्यापासून करा: ३, ६, ९, १२. कापलेला तुकडा ठेवून पुढचा आखला तर आठव्या तुकड्यापर्यंत दोन-तीन मिमीची चूक साठते आणि मूल म्हणतं आठ अष्टमांश म्हणजे एकापेक्षा जास्त.

मग १/२ + १/३. वहीत २/५ लिहिणाऱ्या मुलाला चूक सांगायची गरजच नाही. अर्ध्याला तृतीयांश जोडून २० सेंमी होतात. २/५ म्हणजे अर्ध्याहूनही कमी, ९.६ सेंमी. अर्ध्यात भर घालून अर्ध्यापेक्षा कमी कसं होईल? आता एकाच मापाचे तुकडे शोध म्हणा. षष्ठांशाचे पाच बरोबर बसतात, ५/६. समच्छेद करायचा का, याचं उत्तर त्या पाच तुकड्यांत आहे.

पट्ट्या कुठे थांबतात तेही सांगतो. ३/४ ÷ १/८ सुरेख होतं, १८ सेंमीत ३ चे तुकडे सहा. २/३ ÷ ३/४ ला १६ सेंमीत १८ ची पट्टी बसतच नाही, मूल म्हणतं शून्य. 'किती वेळा बसते' ऐवजी 'तिचा कितवा भाग भरतो' असं विचारलं तर १६/१८, म्हणजे ८/९ निघतं. पण हा प्रश्न पालकाला नीट विचारता येत नसेल तर इथे पट्टी बाजूला ठेवून वहीच बरी.

देवळाली कॅम्प

मग काड्या बंद कधी करायच्या? इयत्तेवर की महिन्यावर?

गोदाकाठ

दोन्हींवर नाही. काड्या पुढ्यात असू द्या, पण हात लावण्याआधी विचारा: 'गठ्ठा सोडावा लागेल का?' गणितं अशी मिसळून द्या: ४१ − १८, ६० − २३, ८५ − ४०, ७३ − ६८. यातलं ८५ − ४० मुद्दाम घातलंय. ज्यानं फक्त कृती पाठ केली आहे तो तिथेही गठ्ठा सोडतो. दोन वेगवेगळ्या दिवशी चारही उत्तरं न हाताळता बरोबर आली की काड्यांच्या जागी वहीत उभी रेघ म्हणजे दशक, टिंब म्हणजे एकक. सोडलेल्या रेघेवर काट मारून दहा टिंबं काढायची. ही चित्रं मूल स्वतःच कंटाळून सोडतं, नुसते अंक लिहायला लागतं. मोठ्यांनी घाई करायची नाही.

पाढेपाठ

चाचणी मान्य. माझी अट एवढीच: त्या चार गणितांना वेळ लावा. पाच मिनिटांत होत नसतील तर समज आली असली तरी सराव झालेला नाही, आणि तिथून पुढे त्या वीस जोड्या तोंडी घ्या. आणि गुणाकारात १४ × १३ आलेख कागदावर १०० + ३० + ४० + १२ असं एकदा रंगवून झालं की पुन्हा पुन्हा रंगवत बसू नका, १२ पर्यंतचे पाढे म्हणून घ्या.

गोदाकाठ

एकदा नाही, तीनदा तरी. १४ × १३, २१ × १२ आणि १९ × १६. तिसऱ्यात सुट्यांचा कोपरा ५४ चा येतो आणि तोच हातचा कुठून आला ते दाखवतो. पाढे त्याच आठवड्यात चालू ठेवा, त्याला ना नाही.