मदत हवी आहे: मागे खोली वाढवायची आहे, पण मग आतल्या खोल्या अंधारतील का?

दोन_खिडक्या

नमस्कार मंडळी. घर वाढवायचं हे घरात पक्कं झालंय, कुठे आणि कसं यावर मात्र रोज नवा वाद. इथे बांधकामातली जाणकार माणसं आहेत म्हणून विचारतो.

घर एकमजली. नऊ इंची विटांच्या भिंती, त्यावर स्लॅब, कॉलम नाहीत. बाहेरून ७ मीटर रुंद, ९ मीटर लांब. पुढे डावीकडे बैठक, उजवीकडे मुलांची खोली. मागे डावीकडे स्वयंपाकघर, उजवीकडे आमची झोपायची खोली. उजव्या अंगाला मधोमध संडास-न्हाणीघर. डावी भिंत हद्दीला लागून आहे, तिला एकही खिडकी नाही. उजवीकडे अरुंद बोळ, त्यात पाइप आणि समोर शेजारची उंच भिंत, त्यामुळे तिकडूनही उजेड नाही. थोडक्यात, मागच्या दोन्ही खोल्यांना एकेकच खिडकी, आणि ती मागे उघडते.

मागे साडेपाच मीटर मोकळी जागा आहे. नियमाप्रमाणे दोन मीटर सोडावे लागतात, म्हणजे साडेतीन मीटर हातात.

आई आता कायमची आमच्याकडे येतेय. तिला गुडघ्यांमुळे जिना नको. शिवाय सगळे एकत्र बसतील अशी जागाच घरात नाही, बैठकीत चारजण बसले की पाचवा दारात. मला दिसणारे पर्याय:

मागे पूर्ण ७ मीटर रुंदीत साडेतीन मीटर वाढवायचं. त्यात आईची खोली आणि जेवणाची जागा, दोन्ही बसतं.

किंवा वर एक मजला.

मिस्त्री म्हणतो पहिलाच करा, पंधरा वर्षं हेच करतोय. बायको म्हणते आपली खोली गुहा होईल. मला दोघांचंही पटतं, हीच अडचण आहे.

एक राहिलं: स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीपासून मीटरभर अंतरावर ड्रेनेजचं चेंबर आहे.

गच्ची

वर बांधा. अंगण एकदा गेलं की परत येत नाही. मुलं वर जातील, त्यांची खोली आईला. प्रश्न संपला.

ओळंबा

@गच्ची, प्रश्न तिथून सुरू होतो. घर लोड बेअरिंग आहे. वरच्या मजल्याचा सगळा भार खालच्या भिंतींवरून पायावर जाणार. पाया किती रुंद, किती खोल, खाली माती कसली, हे खड्डा खणून बघितल्याशिवाय कोणीही 'होईल' म्हणू नये. वरच्या भिंतीही खालच्या भिंतींच्या डोक्यावरच याव्या लागतात, मनाला येईल तिथे नाही.

आणि जिना. मजल्याची उंची ३ मीटर धरली तर १८ पायऱ्या लागतात, प्रत्येकी साधारण १६७ मिमी चढ. मधे वळणारा जिना, ९०० मिमी रुंदीचे दोन टप्पे, २५० मिमी पाऊल धरलं तर साधारण १.९ × २.९ मीटर जागा जाते. जिन्यासमोर उभं राहायची जागा वेगळी. खाली सहा चौरस मीटर घालवून वर खोली मिळवायची, तेही लहान घरात. पुढेमागे गरज पडेल तेव्हा करता येईल, पण आत्ता ज्यांना खोली हवीये त्यांना जिनाच चालत नाही, मग पहिला खर्च तिकडे का?

निळी_शाई

तुमच्या पत्नीचं बरोबर आहे. पूर्ण रुंदीत बांधलंत तर दोन नव्या उजेडाच्या खोल्या मिळतील आणि दोन जुन्या जातील. हिशेब शून्यावर येतो.

ढोबळ नियम असा की खिडकीची वरची कड जमिनीपासून जितकी उंच, त्याच्या दोन ते अडीचपट अंतरापर्यंत कामापुरता उजेड पोचतो. २.१ मीटरवर लिंटेल, म्हणजे खिडकीवरची आडवी तुळई, असेल तर सव्वाचार ते सव्वापाच मीटर. तुमचं स्वयंपाकघर आतून साधारण ४.२ मीटर खोल असेल, त्यापुढे साडेतीन मीटरची नवी खोली. एकूण पावणेआठच्या आसपास. म्हणजे मधली भिंत पूर्ण काढलीत तरी ओट्यापाशी दिवसा दिवा लागणार. आणि झोपायच्या खोलीला तर काहीच उरत नाही, तिची हवा दुसऱ्या खोलीतून येणार.

माझं मत: फक्त स्वयंपाकघराच्या मागे वाढवा. रुंदी ३.६ मीटर, खोली ३.५. उजवीकडचा तुकडा उघडा ठेवा, तो छोटा चौक होईल. तुमच्या झोपायच्या खोलीची खिडकी जशीच्या तशी राहते, आणि नव्या खोलीला मागून व उजवीकडून, दोन्ही बाजूंनी खिडक्या मिळतात. उजवी खिडकी मोठी करा, शक्य तितकी वर न्या. जुन्या घराला लागून असलेल्या भागात तोच उजेड उपयोगी पडतो. ती बाजू पश्चिमेला असेल तर मात्र बाहेरून पडदा किंवा उभ्या पट्ट्या हव्यात. मावळतीचं ऊन तिरपं आत येतं, वरचा सज्जा त्याला अडवत नाही.

दोन_खिडक्या

चौकाची कल्पना घरात सगळ्यांना आवडली. पण मग आईची खोली कुठे? नवी खोली तिला दिली तर जेवणाची जागा नाही, आणि तिला रात्री स्वयंपाकघरातून न्हाणीघराकडे जावं लागेल.

निळी_शाई

नवी खोली आईला देऊच नका. ज्या खोलीची कमतरता आहे तीच नवी बांधायला हवी असं नाही. नवीन भाग घरातला सगळ्यात उजेडाचा असणार, तो दिवसभर सगळे वापरतील त्या कामाला द्या. झोपायला जुन्या खोल्या पुरेत.

असं बघा: आईला तुमची मागची खोली. न्हाणीघर शेजारीच, खिडकी चौकात. तुम्ही दोघं मुलांच्या खोलीत. मुलं पुढे, आत्ताच्या बैठकीत. आणि बसणं, जेवण, गप्पा, अभ्यास हे सगळं स्वयंपाकघर आणि नवी खोली मिळून जो लांब भाग होतो तिथे.

बैठकीतून उजव्या बाजूला मीटरभर रुंदीचा पॅसेज काढावा लागेल, मुख्य दारापासून सरळ मागे. मुलांना २.२ × ४.२ मीटर उरतं. दोन एकेरी पलंग एका भिंतीलगत एकापुढे एक बसतात. पॅसेजमध्ये चार चौरस मीटरपेक्षा थोडं जास्त जाईल. मला पॅसेज आवडत नाहीत, पण हा सगळ्या खोल्यांना स्वतंत्र दार देतो. सध्या तुम्ही बैठकीतूनच सगळीकडे जात असणार, म्हणून ती भरलेली वाटते.

स्वयंपाकघरातला ओटा डाव्या आंधळ्या भिंतीला न्या, म्हणजे उजवीकडून वाट सरळ राहील.

भटका_कावळा

आराखडा झकास. एक खुसपट: स्वयंपाकघराची खिडकी गेली, मग धूर कुठे जाणार? हद्दीच्या भिंतीतून काढता येणार नाही, नव्या खोलीतून गेला तर फोडणी सोफ्यावर बसेल.

निळी_शाई

चांगलं खुसपट आहे. चिमणीचा पाइप वर स्लॅबमधून काढा, गच्चीच्या वर नेऊन टोपी बसवा. भोक सळ्या चुकवून, आणि ओळंबा यांच्यासारख्या कोणाला विचारून. त्याखेरीज ओट्याच्या वर स्लॅबला छोटं छताचं तावदान करता आलं तर उत्तम, वरून येणारा उजेड त्याच मापाच्या उभ्या खिडकीपेक्षा कितीतरी जास्त असतो. पण जुन्या स्लॅबला मोठं भोक म्हणजे वेगळंच काम, हट्ट धरू नका.

दोन_खिडक्या

आभार! आता मिस्त्रीचं ऐका. तो म्हणतो नव्या भिंतीच्या विटा जुन्या भिंतीत दातेरी घुसवू, वर सळ्या जुन्या स्लॅबमध्ये ठोकू, म्हणजे 'एकजीव' होईल. बरोबर ना? आणि स्वयंपाकघराची मागची भिंत पूर्ण काढायची.

ओळंबा

थांबा, थांबा.

जुनं घर त्याच्या भाराखाली जितकं बसायचं तितकं केव्हाच बसलंय. नवा भाग बांधल्यावर बसायला सुरुवात करणार. दोघांना घट्ट बांधलंत तर नवा खाली जाताना जुन्याला ओढतो आणि तडा जातो. तडा नेमका सांध्यात गेला तर नशीब, बऱ्याचदा तो जुन्या खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका जातो. खाली कातळ असेल तर हा प्रश्न फारसा नाही. मातीवर असेल तर नवा भाग स्वतःच्या पायांवर उभा करा आणि दोघांमध्ये २०-२५ मिमीची उभी फट ठेवा. फटीत दबणारं फिलर, बाहेरून सीलंट, वरून झाकपट्टी. फरशीसुद्धा त्या रेषेवर तोडा. एकच फरशी दोन्हीकडे पसरली की पहिली तीच फुटते, आणि मग लोक फरशीवाल्याला बोलतात.

पाया: आधी मागच्या भिंतीलगत एक खड्डा घेऊन जुना पाया कुठवर आहे ते पाहा. नवा पाया त्याच पातळीवर ठेवा. लगतच्या भागात जुन्याच्या खाली खणू नका, तुम्ही त्याच्या बुडाचा आधार काढून घेता. मिस्त्री लांबलचक चर एका दिवसात उघडतात, तेही नको. तुकड्यातुकड्याने खणा, भरा, पुढे सरका.

भिंत पूर्ण काढणं विसरा. तिच्यावर स्लॅब आहे. ओपनिंग भिंतीच्या पूर्ण रुंदीचं करू नका, दोन्ही टोकांना जुन्या भिंतीचे तुकडे राहू द्या, कारण वरच्या बीमचा सगळा भार त्या दोन टोकांवर येणार. कोपऱ्यापर्यंत भिंत कापली तर बीम टेकणार कशावर? बीम लोखंडी की काँक्रीटचं, किती जाडीचं, हे स्ट्रक्चरल इंजिनिअर गणित करून सांगेल. भिंतीला हात लावण्याआधी दोन्ही बाजूंनी स्लॅबला टेकू. बीम घट्ट बसून भार त्यावर आल्याशिवाय टेकू काढायचे नाहीत, कोणी कितीही घाई केली तरी.

पागोळी

गळतीबद्दल कोणीच बोललं नाही. वाढवलेली घरं गळतात ती जवळजवळ नेहमी जुन्या-नव्याच्या सांध्यात. नव्या छताचा उतार जुन्या घरापासून लांब, मागच्या टोकाकडे ठेवा. जुन्या भिंतीत खाच पाडून पत्र्याचं फ्लॅशिंग, म्हणजे सांधा झाकणारी वाकवलेली पट्टी, आत खोचायचं आणि ते छताच्या वर निदान १५० मिमी चढलेलं हवं. नुसतं सिमेंट थापलं तर फट हलल्यावर ते सुटतं. याचा अर्थ नवं छत जुन्या स्लॅबच्या बरंच खाली घ्यावं लागेल, उंची आत्ताच ठरवा.

चौकालाही उतार आणि जाळी द्या, नाहीतर तीन बाजूंनी भिंती असलेलं तळं होईल. चौकाची पातळी घरातल्या फरशीपेक्षा खाली. जमिनीतली ओल भिंतीत चढू नये म्हणून जोत्यावर घालतात तो थर जुन्या-नव्या भागात एकाच पातळीला येतो का, तेही पाहा.

आणि ते चेंबर! ते नव्या खोलीच्या पोटात येतंय. झाकणावर फरशी घालू असं कोणी म्हटलं तर त्याला चहा पाजून परत पाठवा. चेंबर बाहेर न्यायचं. चार इंची पाइपला १:४० उतार धरला तर ४ मीटर सरकवताना १०० मिमी खोली खर्च होते. पुढचं चेंबर तेवढं खोल आहे का, ते काम सुरू होण्याआधी मोजा.

दोन_खिडक्या

चेंबर मोजलं, खोली पुरेशी आहे. कातळ नाही, मातीच आहे. ३.६ गुणिले ३.५ म्हणजे साडेबारा चौरस मीटर मिळतात, सहा माणसांचं टेबल आणि बसायची जागा दोन्ही होईल ना?

निळी_शाई

साडेबारा बाहेरून. नऊ इंची भिंती वजा केल्या की आतून ३.१४ × ३.२७, म्हणजे सव्वादहा. जुन्या भिंतीलगत नवी आधाराची भिंत किंवा कॉलम आले की आणखी थोडं जाईल. टेबल ०.९ मीटर रुंद, खुर्ची मागे ओढून माणूस उठायला दोन्हीकडे ०.९, झाले २.७. टेबल बसतं, सोफा नाही. खिडकीखाली भिंतीलगत बांधीव बाक करा, टेबल त्याला लावा. बाकाच्या बाजूला खुर्ची ओढायची नसल्यामुळे जवळजवळ पूर्ण ०.९ सुटतात आणि दोन आरामखुर्च्या मावतात. मागच्या मोकळ्या जागेत चुन्याने हे आखून त्यात खऱ्या खुर्च्या मांडून बघा.

दोन_खिडक्या

करतो. शेवटचा प्रश्न: आधी आर्किटेक्टकडे जाऊ की इंजिनिअरकडे?

ओळंबा

आर्किटेक्टकडे, पण जुन्या घराचं मोजमाप आणि पायाच्या खड्ड्याचे फोटो घेऊन जा. दोघं एकमेकांशी बोलतील एवढं बघा, कारण बीमची जाडी ठरली की ओपनिंगची उंची बदलते आणि निळी_शाईंनी उजेडाचा केलेला हिशेबही. परवानगीचा नकाशा त्यानंतर. तोवर मिस्त्रीला चर आखू देऊ नका.

गच्ची

नवा पाया एका जादा मजल्याचा धरूनच करा हो. माझं तेवढं तरी ऐका.

ओळंबा

हे मात्र खरं. नव्या भागापुरता पाया आत्ताच दोन मजल्यांचा केला तर फरक थोडा पडतो, नंतर करायचा तर आधी खोली पाडावी लागते.