सोयाबीन आणि स्तनातील जनुके

प्रश्न : माझ्या थोरल्या बहिणीची स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया पुढील महिन्यात आहे. आमच्याकडे कणकेत सोयाबीनचे पीठ मिसळतात. सोयामुळे स्तनातील जनुकांचे कार्य बदलते, हे खरे आहे का?

प्रतिसाद १ : बदलू शकते. सोयाबीनमधील जेनिस्टीन हे संयुग इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाशी साधर्म्य असल्यामुळे पेशीतील इस्ट्रोजेनग्राहीला (इस्ट्रोजेन पकडणाऱ्या प्रथिनाला), विशेषतः त्याच्या बीटा प्रकाराला, चिकटते आणि हा ग्राही डीएनएवर बसून अनेक जनुकांचे काम कमीजास्त करतो. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग या कर्करोग रुग्णालयातील, २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १४० रुग्णांपैकी काहींना शस्त्रक्रियेआधी ७ ते ३० दिवस सोयाप्रथिनाची भुकटी दिली होती. ज्यांच्या रक्तात जेनिस्टीन बरेच वाढले, त्यांच्या गाठींत एफजीएफआर-२ हे वाढीशी निगडित जनुक अधिक सक्रिय आढळले. पेशीविभाजनाचा निर्देशक केआय-६७ मात्र लक्षणीय बदलला नाही.

प्रतिसाद २ : ती मात्रा भुकटीची होती, कणकेतील मूठभर पिठाची नव्हे. शांघायच्या ५,०४२ रुग्णांच्या २००९ मधील अभ्यासात आहारातून अधिक सोया घेणाऱ्यांत कर्करोग पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण कमीच होते. अर्थात हे निरीक्षण झाले, कार्यकारणाचा पुरावा नव्हे.

प्रश्नकर्ती : आभारी आहे. पिठाबद्दलही विचारीनच, पण भाच्याने व्यायामशाळेतून आणलेला सोयाप्रथिनाचा डबा डॉक्टरांना दाखवल्याशिवाय उघडणार नाही.