काटा, तुतारी आणि कपबशी

माणूस आतून कसा आहे हे तुम्हाला कधी आणि कशावरून कळलं, ते इथं लिहा. दुसऱ्याचं चालेल, स्वतःचं असेल तर जास्त चांगलं. धागा मी काढतोय, तर सुरुवात आमच्याच घरापासून.

यवतमाळ जिल्हा, कापूसवाले

आमचे बाबा देवभोळे. सीतादहीची पूजा केल्याशिवाय पहिल्या वेचणीला बोंडाला हात लावू देत नसत. दहीभात शिंपडताना त्यांचे डोळे मिटलेले असत आणि ओठ हलत. त्याच बांधावर बाभळीच्या फांदीला ताणकाटा टांगलेला असायचा. संध्याकाळी बाया गाठोडी घेऊन रांगेत बसायच्या. बाबा आकडा बोलायचे आणि मी वहीत मांडायचो. दहा रुपये किलोनं वेचणी.

एका संध्याकाळी एका मावशीनं गाठोडं खालीच ठेवलं आणि काट्याच्या आकड्याला आपली पाण्याची पाच लिटरची कॅन अडकवली. दुपारी पाणी संपलं होतं, ती विहिरीवरून गळ्यापर्यंत भरून आणलेली. काटा साडेचारवर थांबला. मावशी हसून म्हणाली, "भाऊ, औंदा पानीबी हलकं झालं वाटते."

बाबा काही बोलले नाहीत. त्या दिवशी प्रत्येकीच्या वजनात अर्धा किलो वाढवून मला लिहायला लावलं आणि दुसऱ्या दिवशी नवा काटा आणला. वेचणी सुरू होऊन तेव्हा अकरा दिवस झाले होते. त्या अकरा दिवसांचा हिशोब कोणी काढला नाही. वही माझ्याच हातात होती, मीही काढला नाही.

आकोटकडून

माहं लहानसं हाय. आमच्याकडं रोडग्याच्या पंगतीत वांग्याची भाजी वाढणाऱ्याकडं पाहाचं. पाव्हणा कामाचा असला का पळी बादलीच्या बुडापर्यंत जाते, फोडी येतात. पंगतीच्या टोकावरच्याले वरचा रस्सा. मी दोन्हीकडं बसलो हाय, म्हणून सांगतो.

माहेर दर्यापूरकडचं, सासर वाशीम

माझे आजोबा मुलगा पाहायला गेले की आधी गोठ्यात जात. लोकांना वाटे, जनावरं मोजताहेत. ते बैलाजवळ जाऊन नुसता हात वर करत, अंगावरची माशी हाकलल्यासारखा. बैल अंग चोरून मागं सरला, तर चहा घेऊन उठत आणि घरी येऊन म्हणत, "नाही जमत." मग ढुंगणावर तुतारीच्या, म्हणजे बैल हाकायच्या काठीच्या, टोकदार आरेचे व्रण आहेत का तेही पाहत. पोळ्याच्या आदल्या दिवशी सगळेच खांदे शेकतात, हळद-तूप लावतात, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या" म्हणतात. आजोबांचं म्हणणं, ते एका दिवसाचं. बैल उरलेल्या वर्षाचं सांगतो. माझं लग्नही असंच ठरलं. सासरचा बैल जागचा हलला नाही, उलट आजोबांचा हात चाटू लागला. बावीस वर्षं झाली, तक्रार नाही.

पण अर्धंच सांगितलं तर बरं नाही. हेच आजोबा भाजीत मीठ कमी पडलं की आजीला पाहुण्यांदेखत असं बोलत की आम्ही पोरी ताटात मान घालायचो. बैलावर त्यांनी जन्मात हात उगारला नाही. आजी मात्र ते आत आले की पदर सावरून भिंतीला लागून उभी राहायची. गोठ्यातली परीक्षा स्वयंपाकघरात घ्यावी असं कोणाला सुचलं नाही. मलाही हे आत्ता लिहिताना सुचलं.

अमरावती जिल्हा

गाडगेबाबा आमच्याच जिल्ह्यातले, शेंडगावचे, जन्म 1876 चा. ते गावात आले की आधी खराटा आणि मग रात्री कीर्तन. त्यांच्या नावाचं ग्रामस्वच्छता अभियान 2000-01 मध्ये सुरू झालं. आमच्या गावी समिती यायची होती तेव्हा सगळे पुढारी खराटे घेऊन चौकात. फोटोही झाले. समितीची गाडी ज्या रस्त्यानं येणार तो लख्ख, मागची गल्ली तशीच. कचरा नेमका तिकडंच ढकलला होता. मी तेव्हा सोळा वर्षांचा, ढकलणाऱ्यांत होतो. दुसऱ्या दिवशी एक म्हातारे बुवा ती गल्ली झाडताना दिसले. मी सायकल दुसऱ्या बाजूनं काढली.

आर्वी तालुका, निवृत्त शिक्षक

वरचं वाचून लिहायचं ठरवलं, नाहीतर लिहिणार नव्हतो.

मी तुकडोजी महाराजांचा भक्त. मोझरीला पुण्यतिथीला दरवर्षी जातो. आमच्या गावात सामुदायिक प्रार्थना मी घेत असे आणि ग्रामगीतेवर बोलतही असे. सगळे सारखे, हे मी शाळेत तीस वर्षं शिकवलं.

घरी थोडी शेती, त्यामुळं सालगडी होता. पाडव्याला साल ठरायचं. माणूस कामाला वाघ. त्याला चहा रोज मिळायचा, कधी चुकला नाही. त्याची कपबशी खिडकीत वेगळी असायची, कान तुटलेली. ती कोणी ठेवली ते आठवत नाही. आईच्या वेळेपासूनच असावी. एकदा बायको घरी नव्हती म्हणून चहा मी केला. मांडणीत सहा कप धुऊन ठेवलेले. माझा हात त्यांच्याकडं गेलाच नाही, सरळ खिडकीकडं गेला. मनात काही आलं नव्हतं, हात आपोआप गेला. तो दारात उभा राहून पाहत होता.

पुढच्या पाडव्याला तो दुसऱ्याकडं लागला. मी विचारलं, "काहून रे, पैसे कमी पडले का?"

"नाही जी गुरुजी," तो म्हणाला. "तिकडं दोन हजारानं कमीच हाय."

सकाळी तो चावी द्यायला आला तेव्हा मी पूजेत होतो. बाहेर येऊन पाहिलं, तर चावी खिडकीत ठेवलेली. शेजारी ती कपबशी, घासून स्वच्छ केलेली, पालथी.